चकाकीचे मुद्दल

दसऱ्याच्या मुहूर्तावर किंवा धनत्रयोदशीला घरी आलेली मोटार पहिले सहा महिने आरशासारखी असते. रंग काळा, गडद निळा किंवा लाल असेल तर समोर उभ्या राहणाऱ्याचा चेहरा दाराच्या पत्र्यात स्पष्ट दिसतो. वर्ष-दोन वर्षे उलटतात आणि एखाद्या संध्याकाळी पेट्रोलपंपाच्या दिव्याखाली मालकाच्या लक्षात येते की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक वलये उमटली आहेत. मग घरात चौकशी सुरू होते. शेजारच्या मुलांवर संशय जातो, दुकानासमोर सायकल टेकवणाऱ्या गिऱ्हाइकावर जातो, शेवटी ड्रायव्हरवर येऊन थांबतो. बहुतेक वेळा यांपैकी कोणाचाच दोष नसतो. ती वलये घरच्याच फडक्याची असतात. गाडी स्वच्छ दिसावी म्हणून रोज सकाळी फिरवलेल्या कोरड्या फडक्याची.

वास्तविक ती वलये नसतातच. बारीक चरे सर्व दिशांना पसरलेले असतात. परंतु दिव्याभोवती ज्यांची दिशा प्रकाशाला आडवी येते तेवढेच चमकतात आणि पाहणाऱ्याला वर्तुळाचा भास होतो. पांढऱ्या गाडीवरही ते तितकेच असतात, फक्त डोळ्यांना दिसत नाहीत. विदर्भात पांढरी गाडी अधिक पसंत केली जाते ती उन्हामुळे. तिच्या मालकांना मिळणारी ही दुसरी सवलत आहे.

हे चरे नेमके कशावर पडतात, हे समजून घेतल्याशिवाय पुढची खबरदारी समजत नाही. आजच्या मोटारीच्या पत्र्यावर एकावर एक असे थर असतात. सर्वांत खाली गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर पारदर्शक असा क्लिअर कोट. हे सारे थर मिळून जाडी साधारण १०० ते १२० मायक्रॉन भरते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यातला क्लिअर कोट जेमतेम ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही बारीक. गाडीची चकाकी आणि उन्हापासून रंगाचे रक्षण, दोन्ही गोष्टी याच थरावर अवलंबून असतात. हा थर कारखान्यात एकदाच मिळतो. मशीन लावून रबिंग-पॉलिश केले की चरे नाहीसे होतात खरे, पण ते बुजत नाहीत; चऱ्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा क्लिअर कोट खरवडून काढला जातो, म्हणून पृष्ठभाग पुन्हा सपाट दिसतो. प्रत्येक वेळी काही मायक्रॉन जातात. व्यापाऱ्याच्या भाषेत बोलायचे तर ही मुद्दलातून केलेली उचल आहे. एक-दोनदा चालते. दर दिवाळीला पॉलिश करून घेणाऱ्याच्या गाडीवर सात-आठ वर्षांनी टपावर आणि बॉनेटवर पांढुरके पापुद्रे सुटू लागतात, तेव्हा खाते रिकामे झालेले असते.

जुन्या पिढीतील मंडळींना हे पटत नाही, आणि त्याला कारण आहे. अ‍ॅम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या काळी वरचा पारदर्शक थर नसे. एकच जाड रंग असे, तो उन्हाने खडूसारखा निस्तेज होई, आणि मलमलीला पॉलिश लावून घासले की वरचा मेलेला रंग निघून खालचा ताजा रंग उघडा पडे. फडके गाडीच्या रंगाचे होत असे, आणि ते पाहून घासणाऱ्याला समाधान वाटत असे. त्या काळी ती पद्धत बरोबरच होती. आजच्या गाडीवर तीच माया नुकसान करते.

यवतमाळ जिल्ह्यात या प्रश्नाला स्वतःचे असे एक अंग आहे, आणि ते म्हणजे इथली धूळ. जिल्ह्याच्या बहुतेक भागातली काळी कसदार जमीन बेसाल्ट खडकाच्या झिजेतून तयार झालेली आहे. गाडी खराब होण्याचे सारे खापर लोक या काळ्या मातीवर फोडतात. पण शुद्ध काळी माती म्हणजे अत्यंत बारीक चिकणमाती. ती बोटात चोळली तर साबणासारखी गुळगुळीत लागते, तिच्याने चरे पडत नाहीत. चरे पाडणारे असतात तिच्यासोबत येणारे खडे: चुनखडीचे कण, मुरुमाची भुकटी, नदीची वाळू आणि क्रशरवरची काळ्या दगडाची चुरी. वाळूतील क्वार्ट्झ खनिजांच्या कठीणपणाच्या दहा अंकी मापनात ७ व्या पायरीवर येते, बेसाल्टमधली खनिजे ५ ते ६ वर. माणसाचे नख अडीचवर असते. क्लिअर कोट हा शेवटी एक प्लॅस्टिकसारखा पदार्थ आहे. वाळूच्या कणापुढे त्याचा निभाव लागत नाही.

नागपूर-तुळजापूर राष्ट्रीय महामार्गाचे, म्हणजे क्रमांक ३६१ चे काम वर्षानुवर्षे चालले, तेव्हा यवतमाळ, आर्णी, महागाव, उमरखेड या पट्ट्यात ये-जा करणाऱ्या प्रत्येक गाडीने ही चुरी अंगावर घेतली. वणीकडे प्रकार निराळा. तिथे कोळशाच्या खाणी आहेत, राजूरच्या परिसरात चुनखडीचा व चुन्याचा जुना उद्योग आहे, आणि झरी-जामणी तालुक्यात मुकुटबनला सिमेंटचा मोठा कारखाना २०२२ पासून चालू आहे. कोळसा स्वतः मऊ असतो, पण त्याच्या धुळीत खडकाचे कण मिसळलेले असतात. चुना आणि सिमेंटची धूळ मात्र वेगळ्या रीतीने घात करते. हिवाळ्यातल्या पहाटे दव पडले की ती ओली होते, पत्र्यावर घट्ट बसते आणि तिच्यातील क्षार रंगाला लागतात. तो थर नखाने किंवा फडक्याने खरवडणे म्हणजे सिमेंटच्या भिंतीवर गाडी घासण्यासारखे आहे. त्यावर भरपूर पाणी सोडावे, राहिलेल्या डागावर पांढरे व्हिनेगर पाण्यात मिसळून थोडा वेळ ओला कपडा ठेवावा आणि मग पुन्हा पाण्याने धुवावे.

कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आवारात उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर रुईचा तलम थर बसतो. रुई बिचारी निरुपद्रवी. पण तिच्यात पराटीच्या पानांचा आणि बोंडाच्या टरफलांचा चुरा व मातीचे कण अडकलेले असतात. रुई झटकण्यासाठी हात फिरवला की तो चुराही सोबत फिरतो. अशा वेळी हवेच्या पाइपने, किंवा निदान पाण्याच्या फवाऱ्याने ती उडवावी. हात लावू नये.

आता त्या रोजच्या फडक्याकडे वळू. यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा, दिग्रस, कुठल्याही गावी पहाटे साडेपाच-सहाच्या सुमारास व्यापारी वस्तीत एक माणूस बादली आणि फडके घेऊन फिरताना दिसतो. तो महिन्याच्या ठरावीक रकमेवर दहा-पंधरा गाड्या पुसतो. बादली एक, फडके एक, फार तर दोन. पहिल्या गाडीवरची वाळू पिळून बादलीच्या तळाशी जाते, पुढच्या बुडीबरोबर फडक्यावर परत येते आणि दुसऱ्या गाडीवर फिरते. पाचव्या गाडीपर्यंत ते फडके पॉलिशपेपर झालेले असते. वर्षातील ३०० दिवस, दिवसाला टपावरून चार हात, हा हिशेब कोणीही करावा. तो माणूस आळशी नाही, उलट कामसू आहे; जितका मनापासून रगडतो तितके चरे अधिक. त्याला कोणी काही शिकवलेले नाही, आणि मालकाची अपेक्षा एकच: साडेनऊला दुकानात निघताना गाडी चकचकीत दिसली पाहिजे. तो ती अपेक्षा पुरी करतो. नंतर चरे दिसले की बोलणी त्यालाच खावी लागतात, कधी पगारही कापला जातो. यातला अन्याय व्यवहार जाणणाऱ्या घरात तरी लक्षात यायला हवा.

कोरडी धूळ पुसू नये, हा सगळ्या खबरदारीचा गाभा आहे. तिला आधी पाण्याने सुटे करून वाहून जाऊ द्यावे, मग हात लावावा. हे म्हटले की लगेच पाण्याचा प्रश्न उभा राहतो, आणि यवतमाळकरांना तो सांगावा लागत नाही. शहराला पाणी देणारी निळोणा आणि चापडोह ही धरणे २०१८ च्या उन्हाळ्यात कोरडी पडली, तेव्हा नळाला अनेक दिवस पाणी नव्हते आणि टँकरच्या वाटेकडे डोळे लावून रांगा लागत होत्या. बेंबळा प्रकल्पाचे पाणी शहरात आणण्याची योजना त्याच काळात लोकांच्या तोंडी रोजची झाली. ज्या शहराने ते दिवस पाहिले तिथे अंगणात नळी सोडून वीस मिनिटे गाडी धुणे कोणालाही शोभत नाही. मिनिटाला १२ लिटर धरले तरी २४० लिटर होतात. शहरी पाणीपुरवठ्याचे सरकारी प्रमाण माणशी दिवसाला १३५ लिटर आहे. बंगळुरूत मार्च २०२४ मध्ये पाणीटंचाईमुळे पिण्याच्या पाण्याने गाडी धुण्यास बंदी झाली आणि दंड ५,००० रुपये ठरला.

सुदैवाने रंगाची काळजी आणि पाण्याची काटकसर यांचे इथे वैर नाही. १५ लिटरच्या चार बादल्यांत, म्हणजे ६० लिटरमध्ये, मोटार उत्तम धुता येते. त्यात एक बादली भिजवण्याची, दोन धुण्याच्या आणि एक शेवटच्या निथळीची.

गाडी सावलीत आणि पत्रा थंड असावा. मे महिन्यात तापमान ४३-४४ अंशांवर असताना उन्हातून आलेल्या गाडीच्या बॉनेटला हात लावता येत नाही. तिच्यावर पाणी टाकले की ते वाळते आणि साबणाचे डाग भाजल्यासारखे उमटतात. म्हणून सकाळची वेळ उत्तम. आधी चाके आणि त्यांच्या वरच्या कमानी धुवाव्यात, वेगळ्या फडक्याने व वेगळ्या ब्रशने. तिथला चिखल नंतर उडून धुतलेल्या पत्र्यावर बसत नाही. पावसाळ्यात काळी माती या कमानींच्या आतल्या बाजूला थापली जाते, वाळून दगडासारखी होते आणि महिनोन्महिने ओल धरून ठेवते. चऱ्यांची चिंता करणारा मालक तिथे डोकावून पाहत नाही, आणि गंज मात्र तिथूनच सुरू होतो.

मग टपापासून खाली पाणी सोडून गाडी भिजवावी आणि पाच मिनिटे तशीच राहू द्यावी. हातपंपाचा छोटा फवारा असेल तर अर्ध्या पाण्यात हे काम होते. मात्र शेतातला फवारणी पंप, कितीही धुतलेला असो, या कामाला आणू नये. २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने जिल्ह्यात जे घडले, त्यानंतर याचे कारण वेगळे सांगण्याची गरज नाही.

दोन बादल्यांपैकी एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत निव्वळ पाणी. फडके शाम्पूत बुडवून एक भाग धुवावा, मग साध्या पाण्यात चांगले खळबळावे, पिळावे आणि तेव्हाच पुन्हा शाम्पूत घालावे. वाळू दुसऱ्या बादलीत राहते. तिच्या तळाशी प्लॅस्टिकची जाळीदार टोपली पालथी घातली तर खाली बसलेले कण परत वर येत नाहीत. पाणी गाळून घेण्याची रीत ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्यांना या युक्तीचे मर्म समजायला क्षणही लागू नये. हात सरळ रेषेत, पुढून मागे फिरवावा, गोल नको; आणि दाब तर मुळीच नको. दारांचा खालचा भाग व बंपर शेवटी, कारण सर्वाधिक वाळू तिथेच असते. कपडे धुण्याची पावडर वापरू नये. तिच्यातील सोडा मेणाचा थर धुऊन नेतो आणि रबरी पट्ट्या कोरड्या पाडतो. डिझेलचा हात देऊन टायर आणि पत्रा चमकवण्याची एक चाल ट्रकवाल्यांकडून घरगुती गाड्यांपर्यंत आली आहे. ती चमक दोन तासांची आणि तिच्यावर बसलेली धूळ दोन आठवड्यांची.

धुण्याइतकेच महत्त्व सुकवण्याला आहे. जिल्ह्यात बोअरचे पाणी बहुधा जड असते. ते पत्र्यावर आपोआप वाळू दिले की क्षारांचे पांढरे ठिपके राहतात आणि उन्हात पक्के बसतात. म्हणून शेवटचे पाणी होताच मऊ फडके पसरून, टिपून घ्यावे. आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी गाडीला वापरा, असा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. सल्ला चांगल्या हेतूचा असला तरी त्या पाण्यात क्षार मूळ पाण्याहून अधिक असतात; ते चाकांना आणि पहिल्या भिजवणीला चालेल, शेवटच्या निथळीला नाही. कूलरच्या टाकीतले उरलेले पाणी तर याहून वाईट, कारण दिवसभर बाष्पीभवन होऊन त्यातला क्षार दाट झालेला असतो. पोर्चमध्ये उघडणाऱ्या खिडकीला कूलर बसवलेला असेल आणि त्याचे तुषार उभ्या गाडीवर उडत असतील, तर संपूर्ण उन्हाळाभर एका बाजूच्या काचेवर व दारावर पांढरी नक्षी का उमटते याचे कोडे उलगडेल. उलट गच्चीवरून साठवलेले पावसाचे पाणी अगदी मऊ असते.

फडक्याविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. जुन्या धोतराचे किंवा बनियनचे फडके मऊ वाटते, पण सुती विणीत वाळूचा कण पृष्ठभागावरच राहतो आणि घासला जातो. शिवण, बटण, नाडीचे टोक यांचा धोका वेगळाच. सपाट स्पंजाचेही तेच. मायक्रोफायबरच्या लांब लवेत कण आत ओढला जातो, म्हणून ते बरे. बाजारात गाडी पुसण्यासाठी ‘शॅमी’ या नावाने जे पिवळसर, ओलसर फडके मिळते, त्याच्या बाबतीत मात्र आपल्या घरांनी डोळे उघडे ठेवावेत. मूळचे शॅमॉय हे जनावराचे कातडे आहे. आल्प्स पर्वतातील शॅमॉय नावाच्या रानबकऱ्यासारख्या प्राण्यावरून ते नाव आले आणि पुढे ते मेंढीच्या कातड्याचे बनू लागले. कृत्रिम प्रकारही त्याच नावाने विकला जातो, तो पीव्हीए या रसायनाचा असतो. वेष्टणावर तसे लिहिलेले असते. धुण्याचे केसाळ हातमोजे पुष्कळदा मेंढीच्या कातड्याचेच असतात. मेणाचेही असेच. कार्नाउबा हे ब्राझीलमधील एका ताडाच्या पानांवरून निघणारे, पूर्णपणे वनस्पतिजन्य मेण. तथापि अनेक डब्यांत त्याच्यासोबत मधमाश्यांचे मेण मिसळलेले असते. ज्या स्वयंपाकघरात मध चालत नाही, त्या घराच्या पोर्चमध्ये तो डबा केवळ न वाचल्यामुळे येतो. कंपनीला विचारून, किंवा शुद्ध कृत्रिम पॉलिमरचे सीलंट घेऊन हा प्रश्न सुटतो, आणि उन्हाळ्यात सीलंट मेणापेक्षा टिकतेही अधिक.

नव्या गाडीच्या पूजेतही रंगाला जपता येते. बॉनेटवर कुंकवाचा स्वस्तिक काढला जातो तो काढावाच. पण कुंकू आणि हळद पांढऱ्या रंगावर उन्हात आठ-आठ दिवस राहू दिली तर त्यांची छटा मागे उरते. त्याच संध्याकाळी ओल्या कपड्याने टिपून घ्यावे. झेंडूच्या माळेतली बारीक तार मात्र पहिल्याच दिवशी, शोरूमपासून घरापर्यंतच्या वाटेत, वाऱ्याने हलत बॉनेटवर चरे पाडते. माळ दोऱ्यात ओवलेली मागावी.

पक्ष्यांच्या विष्ठेला थांबायला वेळ देऊ नये. उन्हात क्लिअर कोट किंचित मऊ होतो, विष्ठा वाळून आक्रसते आणि तिचा ठसा थरात उतरतो; एका दुपारीही हे होते. ती खरवडायची नाही. ओला कपडा पाच-दहा मिनिटे तिच्यावर ठेवून उचलून घ्यायची. फेब्रुवारीत मोहोरलेल्या आंब्याखाली गाडी लावली की तुडतुड्यांचा चिकटा पडतो, त्यालाही तोच उपाय. पावसाळ्यातल्या रात्री महामार्गावर धावलेल्या गाडीच्या पुढच्या भागावर मेलेल्या किड्यांचा थर असतो. रात्रीचा प्रवास टाळता आला तर तो का टाळावा, याचे या वाचकांना रंगापेक्षा मोठे कारण ठाऊक आहे.

गाडी झाकण्याचे कव्हर ही भल्या हेतूने केलेली आणखी एक चूक. धुळकट गाडीवर कव्हर घातले आणि वैशाखातला वारा सुटला की ते कापड रात्रभर धुळीसकट पत्र्यावर घासत राहते. कव्हर फक्त धुतलेल्या गाडीवर घालावे, नाहीतर ती उघडी बरी.

शोरूममध्ये आणि वॉशिंग सेंटरमध्ये सिरॅमिक कोटिंगची शिफारस हमखास होते. पंधरा-वीस हजारांपासून पुढे कितीही सांगतात. ही काचसदृश पदार्थाची अतिशय पातळ पुटी असते; पाणी तिच्यावरून झरझर ओघळते, धूळ कमी चिकटते आणि धुणे सोपे होते, हे खरे. ती चरे पडू देत नाही, हे खरे नाही. ‘नऊ एच’ असा जो कठीणपणा सांगितला जातो तो पेन्सिलींच्या मापनातला आहे, खनिजांच्या नव्हे. तो हिऱ्याच्या शेजारचा अंक समजून कोणी पैसे देऊ नयेत. वॉरंटीच्या कागदावर ठरावीक मुदतीत त्यांच्याकडेच सशुल्क देखभाल करण्याची अट बहुधा असते. तो खर्च मूळ किमतीत मिळवूनच सौदा तोलावा. पीपीएफ म्हणून जी पारदर्शक फिल्म लावतात ती मात्र खडी आणि चरे प्रत्यक्ष अंगावर घेते. तिची किंमतही त्याच मानाने असते. संपूर्ण गाडीऐवजी बंपर, बॉनेटची कड आणि दाराच्या मुठीमागची वाटी एवढ्याच जागी ती लावून घेणे शहाणपणाचे.

खोल चरा पडलाच तर नख आडवे फिरवून पाहावे. नख अडकले नाही तर चरा क्लिअर कोटमध्येच आहे. अडकले तर तो खाली उतरला आहे. पत्रा उघडा दिसत असेल तर पावसाळ्यापूर्वी टचअप करून घ्यावे. गाडीच्या रंगाचा क्रमांक दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो. टूथपेस्ट लावण्याचा घरगुती उपाय म्हणजे अंदाज नसलेले रबिंग होय.

अशा वेळी ‘विमा आहेच’ असे म्हणून दावा केला जातो, त्याचा हिशेब एकदा कागदावर मांडण्यासारखा आहे. समजा, गाडीच्या नुकसानीचा मूळ हप्ता १०,००० रुपये आहे आणि पाच वर्षे दावा न केल्यामुळे नो क्लेम बोनस ५० टक्के झाला आहे. म्हणजे भरावे लागतात ५,०००. एका दाराच्या रंगासाठी दावा केला की बोनस शून्यावर येतो आणि पुन्हा २०, २५, ३५, ४५ अशा पायऱ्या चढत ५० वर पोहोचतो. मूळ हप्ता तोच धरला तर या वर्षांत जास्तीचे ५,०००, ३,०००, २,५००, १,५०० आणि ५०० रुपये जातात, बेरीज १२,५००. शिवाय दाव्यातून १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये आणि त्यावरील गाडीला २,००० रुपये सक्तीने वजा होतात, आणि रंगाच्या साहित्यावर निम्मा घसारा कापला जातो. घसारा माफ करणारी किंवा बोनस राखणारी जादा पॉलिसी घेतली असेल तर चित्र बदलते. ती नसेल, तर चार-पाच हजारांच्या दारासाठी दावा करणे हा तोट्याचा सौदा. फर्मच्या नावावर गाडी असली की आयकराच्या हिशेबात दरसाल १५ टक्के घसारा मिळतोच, चरे असोत वा नसोत; विकताना समोरचा दलाल मात्र वही पाहत नाही, उन्हात उभी करून पत्रा पाहतो.

उरला तो पहाटेचा माणूस. त्याच्याशी एकदा शांतपणे बोलून व्यवस्था बदलता येते. पगार तोच ठेवून रोजच्या पुसण्याऐवजी आठवड्यातून दोनदा नीट धुण्याचे ठरवावे. पहिल्यांदा त्याला हे संशयास्पद वाटेल, कारण गाडी पुसलेली दिसली नाही तर ‘आज आला नाही’ म्हणून खाडा धरला जाईल अशी त्याला भीती असते. घरातल्या सर्वांना, विशेषतः सकाळी गाडीकडे प्रथम पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांना, ही गोष्ट आधी सांगून ठेवावी. आपल्या गाडीची दोन बादल्या आणि चार फडकी घरची द्यावीत, दोन पत्र्याची, एक सुकवण्याचे, एक चाकांचे, निरनिराळ्या रंगांची. फडके जमिनीवर पडले की ते त्या दिवसापुरते चाकांच्या फडक्यात जमा. काचा आणि आरसे त्याने रोज पुसले तरी चालतात. काच रंगापेक्षा पुष्कळ कठीण असते. त्यासाठी पाचवे फडके द्यावे.